उंच इमारत उभी कशी राहते?

लोअर परळला जेथे पूर्वी श्रीनिवास मिलचे माग चालत, तेथे आज 280 मीटर उंचीचा ‘वर्ल्ड वन’ मनोरा उभा आहे. असा मनोरा पडत कसा नाही, हा प्रश्न मला पुष्कळ कामगारांनी विचारला. मी इंजिनियर नव्हे. वाचून जे उमगले तेवढे सांगतो.

इमारतीचे वजन सरळ खाली जाते. डोक्यावर पाटी घेतलेली बाई ते जाणते. खरा दावेदार वारा. रुंदी तीच ठेवून उंची दुप्पट केली, तर वाऱ्यापुढे येणारे अंग दुप्पट होते आणि तरफेचा हातही दुप्पट होतो. म्हणजे उलथविणारा जोर चौपट. वर वारा अधिक वेगाचा असल्याने प्रत्यक्षात त्याहूनही जास्त. न्यूयॉर्कची ‘432 पार्क अव्हेन्यू’ ही इमारत रुंदीच्या सुमारे 15 पट उंच आहे. वारा तिच्या कडांवरून आळीपाळीने भोवरे सोडतो. त्यांचा ठेका इमारतीच्या स्वतःच्या झोक्याशी जुळला, की वेळेवर धक्का दिलेल्या पाळण्यासारखी ती हलू लागेल. म्हणून दर बारा मजल्यांनंतर दोन मजले उघडे ठेवून वाऱ्याला वाट करून दिली आहे.

आता कल्याण लोकल आठवा. पाय जुळवून उभा राहणारा गचक्यासरशी झुकतो; पाय फाकून, दोन्ही हातांनी दांडे धरणारा टिकतो. मनोऱ्यात लिफ्ट व जिन्यांभोवतीची काँक्रीटची जाड भिंत हे धड. काही मजल्यांवर त्यातून भक्कम बाहू काढून बाहेरच्या खांबांना जोडतात. हे दांडे धरणारे हात. तरीही इमारत डुलतेच. आपल्या मानकाप्रमाणे वाऱ्याने माथा उंचीच्या पाचशेव्या हिश्शाहून अधिक सरकता कामा नये. 280 मीटरला 56 सेंटीमीटर.

आपल्या उल्हासनगरात 28 मे 2021 रोजी नेहरू चौकातल्या पाच मजली इमारतीचा स्लॅब कोसळला, सात माणसे गेली. तेथे वाऱ्याचा काही संबंध नव्हता. काँक्रीट निकृष्ट असले की ओल आत शिरते, सळई गंजते. गंज लोखंडाहून कितीतरी जास्त जागा घेतो आणि काँक्रीट आतून फोडतो. एक स्लॅब दुसऱ्यावर आदळला, की खालच्याला तो धक्का पेलत नाही. छताच्या पोपड्यांवर रंग मारणारे घरमालक, ऐकता ना?

आता बराकींच्या अरुंद जागांवर उंच इमारतींचे नकाशे येत आहेत. सोसायटीच्या सभेत एवढे विचारावे: माती तपासली काय? मधली भिंत पायापर्यंत अखंड जाते, की दुकाने-पार्किंगसाठी तळमजल्यावर तोडली आहे? 26 जानेवारी 2001 च्या भूकंपात अहमदाबादला नुसत्या खांबांवर उभ्या असलेल्या कितीतरी इमारती तळमजल्यातच मोडल्या. तिसरे, काँक्रीटचे 15 सेंटीमीटरचे ठोकळे 28 दिवसांनी यंत्रात दाबून फोडतात, त्यांचे आकडे कोठे आहेत? हे विचारले, की बिल्डरची माणसे घड्याळाकडे पाहू लागतात. पाहू द्यावे, आणि पुन्हा विचारावे.