कॉलेज बांधावर येते तेव्हा : कोसबाडच्या टेकडीचा धडा



सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो. काही वर्षांपूर्वी वसई पूर्वेच्या एका गावात मी भातावरील किडींचे प्रशिक्षण ठेवले. ग्रामपंचायतीची खोली झाडून घेतली, चाळीस खुर्च्या मांडल्या, भिंतीवर तक्ते लावले. माणसे आली सात, आणि त्यातली तीन ग्रामपंचायतीचीच. बाहेर येऊन बघतो तर सारा गाव लावणीला वाकलेला. बांधावरून एका वयस्कर शेतकऱ्याला विचारले, "बाबा, आला नाहीत?" हातातली आवणाची जुडी खाली न ठेवता ते म्हणाले, "साहेब, तुमची शाळा चांगलीच आहे. पण ती लावणीत कशाला भरवली?"

मी कृषी पदविका घेतलेला माणूस. पण शेतकऱ्याला वेळ केव्हा असतो, हा साधा धडा मला त्या बाबांनी शिकवला. हाच धडा आपल्या जिल्ह्यातल्या एका संस्थेने कित्येक वर्षे आधी गिरवला होता. त्या संस्थेची ही हकीकत.

पदवी आली, पुढे काय?

वसईच्या पोरांना एके काळी कॉलेजसाठी पहाटेची गाडी पकडून मुंबई गाठावी लागे. १९७० च्या दशकात भाऊसाहेब वर्तक यांच्या विद्यावर्धिनी संस्थेचे अण्णासाहेब वर्तक महाविद्यालय वसईत उभे राहिले आणि पदवीचे शिक्षण घराजवळ आले. पुढे आणखी कॉलेजे निघाली. ही मोठीच सोय झाली, यात शंका नाही.

पण बंधूंनो, खरे सांगा. पदवी घेतलेल्या आपल्या मुलाला राजेळी केळीचा चांगला मुनवा निवडता येतो का? आंब्याचे कलम बांधता येते का? खारे पाणी शिरलेल्या वावरात कोणते भात घ्यावे, हे तो सांगू शकतो का? तो दोष मुलाचा नाही. ते कॉलेज त्यासाठी काढलेलेच नव्हते.

त्यासाठी वेगळ्या तऱ्हेचे कॉलेज लागते. परदेशात त्याला कम्युनिटी कॉलेज म्हणतात, म्हणजे आजूबाजूच्या लोकांचे कॉलेज. अमेरिकेत जोलिएट या गावी १९०१ साली अवघ्या सहा विद्यार्थ्यांवर असे एक कॉलेज सुरू झाले आणि पुढे त्या देशात अशी कॉलेजे गावोगाव निघाली. रीत साधी : दार सगळ्यांना उघडे, अभ्यासक्रम थोड्या मुदतीचे आणि शिक्षण त्या भागातल्या कामधंद्याचे. आपल्या विद्यापीठ अनुदान आयोगानेही २०१३ च्या सुमारास या नावाची योजना आणली. पण हे नाव कानावर येण्याच्या कितीतरी आधी डहाणू तालुक्यात, कोसबाडच्या टेकडीवर, याच चालीचे काम सुरू झाले होते.

टेकडीवर काय घडले

कोसबाडचा परिसर वारली आदिवासींचा. वेठबिगारीविरुद्ध १९४५ साली गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांचा लढा पेटला, तो याच पट्ट्यात. अशा भागात शिक्षण न्यायचे म्हणजे नुसती इमारत बांधून भागणारे नव्हते.

गोखले एज्युकेशन सोसायटी ही १९१८ साली स्थापन झालेली संस्था. तिच्या बोर्डीच्या हायस्कुलाचे मुख्याध्यापक आचार्य शं. रा. भिसे यांनी या आदिवासींच्या शिक्षणाचा ध्यास घेतला. १९४९ साली कोसबाडला संस्थेचे शेती शिक्षणाचे केंद्र उभे राहिले. उतारावरची जमीन, पावसाळ्यात धो धो पाणी आणि उन्हाळ्यात घोटभर पाण्याची मारामार, अशा मुलखात शेती शिकवायची होती. इथे काम केलेले कृषितज्ज्ञ जयंतराव पाटील पुढे केंद्रीय नियोजन आयोगाचे सदस्य झाले.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले होते. १९५७ च्या सुमारास त्याही कोसबाडला आल्या. इथे त्यांना एक अडचण दिसली. पोरे शाळेत येईनात, कारण ती गुरे राखायला जात. मग या बाईंनी काय करावे? शाळाच कुरणात नेली! गुरे चरताहेत, पोरे झाडाखाली शिकताहेत. हीच ती कुरणशाळा. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ साली पद्मश्री मिळाली. पण माझ्या मते त्यांचा खरा मान त्या कुरणात आहे.

दाखला न मागणारे कॉलेज

देशातले पहिले कृषी विज्ञान केंद्र १९७४ साली पुदुच्चेरीला निघाले. दोनच वर्षांनी, १९७६ मध्ये, भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या साहाय्याने कोसबाडला असे केंद्र सुरू झाले. आज देशात अशी सातशेच्या वर केंद्रे आहेत.

आता हे केंद्र म्हणजे काय, ते नीट समजून घ्या. इथे शिकायला दहावी-बारावीचा दाखला लागत नाही. शेतकरी, शेतकरी महिला आणि गावातले तरुण यांना थोड्या दिवसांचे प्रशिक्षण मिळते. फळ्यापेक्षा हाताला जास्त काम. कलम बांधायचे तर चाकू तुमच्याच हातात देतात. नवी जात किंवा नवी पद्धत आधी शेतकऱ्याच्याच शेतात लावून दाखवतात. आणि माझ्यासारख्या विस्ताराचे काम करणाऱ्यांनाही शिकवतात, हे विशेष.

आधी शेतीचे शिक्षण, मग बालवाडी आणि कुरणशाळा, मग विज्ञान केंद्र. टेकडी अशी टप्प्याटप्प्याने वाढली. दर टप्प्याला विचार एकच दिसतो : लोक कुठे आहेत, त्यांना वेळ केव्हा आहे आणि त्यांची नड काय आहे.

वसईकरांनी काय करावे

कुणी म्हणेल, कोसबाड तिकडे डहाणूला, आमचा काय संबंध? २०१४ साली पालघर जिल्हा झाला, तेव्हापासून वसई आणि डहाणू एकाच जिल्ह्यात आहेत. विरारहून डहाणू रोडपर्यंत २०१३ पासून लोकल जाते. तेव्हा अंतराची सबब नको.

दुसरा कुणी म्हणेल, इमारतींच्या गर्दीत आता शेती राहिलीच किती? मी म्हणतो, म्हणूनच शिकायचे. दोन एकरांत एखादी चूक खपून जाते, दहा गुंठ्यांत खपत नाही. सोनचाफा असो, मोगरा असो, भाजी असो की रोपवाटिका असो, जमीन जितकी थोडी तितके कसब जास्त लागते. कसब नसले की जमीन परवडत नाही, आणि परवडत नाही म्हटले की ती विकायचा विचार घरात शिरतो.

सरपंच आणि ग्रामसेवक बंधूंना माझी विनंती आहे :

१. ग्रामसभेत विचारा, गावाला काय शिकायचे आहे? कलमे, फुलशेती, कुक्कुटपालन, की खारजमिनीतले भात? पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राच्या पनवेल-१, २, ३ या भाताच्या जाती कितीजणांना ठाऊक आहेत, तेही विचारा.

२. पंधरा-वीस जणांची यादी करा. त्यात महिला आणि तरुण हवेतच.

३. दिवस तुम्ही ठरवा. लावणी आणि कापणीचे दिवस सोडा. फुलांची तोडणी पहाटे असते, तेव्हा वर्ग दुपारी ठेवा.

४. ही मागणी लेखी स्वरूपात कृषी विज्ञान केंद्राकडे आणि तालुका कृषी कार्यालयाकडे पाठवा. तोंडी सांगितलेले राहून जाते.

त्या बाबांच्या गावी मी पुन्हा गेलो. या वेळी तारीख त्यांनाच विचारली. लावणी आटोपल्यावर, दुपारी, त्यांच्याच बांधावर बसलो. खुर्ची एकही नव्हती. माणसे मात्र तीसच्या वर जमली आणि किडीची अंडी पानावर कुठे असतात हे मी दाखवायच्या आधी बाबांनीच दाखवले!

मंडळी, कॉलेज दाराशी आपोआप येत नाही, त्याला बोलवावे लागते. येत्या ग्रामसभेत हा विषय घ्या.