धुण्याच्या यंत्राची साडेतीन दशके

धुण्याचे यंत्र मराठी मध्यमवर्गाच्या घरात रीतसर दाखल झाले ते ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस. त्यानंतरच्या साडेतीन दशकांत त्याच्याविषयी घरोघर झालेल्या तक्रारींचे दप्तर जर कोणी बांधून ठेवले असते, तर त्यात यंत्राच्या दोषांपेक्षा आपल्या घरांचीच कैफियत अधिक सापडली असती. पाणी कोणत्या वेळी व किती जोराने येते, त्यात क्षार किती, मोरीचा उतार कोणत्या अंगाला, वीज केव्हा जाते आणि उंदरांचा राबता कोठून आहे, या गोष्टींची ज्या घराला खबर असते तेथे यंत्र वर्षानुवर्षे बिनतक्रार राबते. आणि जेथे ती नसते तेथे नवे कोरे यंत्रही मेकॅनिकच्या वाटेकडे डोळे लावून बसते. वरून झाकण उघडणाऱ्या, म्हणजे टॉप-लोड, यंत्राचा मागोवा घेताना घराचा आणि यंत्राचा हा परस्परसंबंध ध्यानात ठेवला म्हणजे पुष्कळ बिघाडांचा खुलासा आपोआप होतो.

त्यापूर्वीचे धुणे म्हणजे मोरीतला दगड, धोपटणे, साबणाची वडी, शेवटी निळीचे पाणी आणि छताखालच्या दांडीवर काठीने चढवलेली लुगडी-धोतरे. हिंदुस्थान लीव्हरने 1959 साली सर्फ बाजारात आणला आणि 1969 साली अहमदाबादेत निरमाचा उदय झाला, तेव्हापासून वडीची सद्दी हळूहळू सरत गेली व कपडे बादलीत भिजत घालण्याची रीत पडली. यंत्राला लागणारी पूड अशा रीतीने यंत्राच्या कितीतरी आधी घरात येऊन बसली होती. मागाहून आलेले यंत्र बहुतांशी ‘सेमी’ होते: जपानात 1960 च्या सुमारास रूढ झालेल्या जोडटाकीच्या घडणीचे, एका टाकीत धुवायचे आणि दुसरीत पिळायचे. ते घरोघर पोहोचवणाऱ्या कंपन्यांत औरंगाबादेकडे कारखाने असलेली व्हिडिओकॉन अग्रभागी होती. पाणी किती घ्यायचे, केव्हा सोडायचे, कपडे एका टाकीतून दुसरीत केव्हा टाकायचे, हा सर्व अधिकार या यंत्राने माणसाच्याच हाती ठेवला होता. साबणाच्या एकाच पाण्यात आधी पांढरे कपडे, मग रंगीत आणि सरतेशेवटी पायपुसणी काढण्याचा जो क्रम गृहिणींनी बसवला, तो सकाळी दोन तास पाणी येणाऱ्या गावांना मानवणाराच होता.

त्या यंत्राचे दुखणेही डोळ्यांना दिसे. पिळण्याच्या टाकीचे झाकण उचलताच ब्रेकची तार ओढली जाऊन टोपली थांबायची. ती थांबेनाशी झाली की तार सैल पडली असे समजावे. टायमरची चावी मधेच अडकली की चावीचीच चूक. पाठीमागचे झाकण काढले की मोटर, पट्टा आणि ब्रेक असा सारा संसार समोर उभा राही, आणि रेडिओ-मिक्सर दुरुस्त करणारा पेठेतला कारागीर, कोणत्याही कंपनीची तालीम न घेता, केवळ पाहून आणि ऐकून तो मार्गी लावी.

नव्वदच्या दशकात ही घडी बदलली. 1990 साली जपानच्या मात्सुशिता कंपनीने ‘फझी लॉजिक’ वापरणारे यंत्र विक्रीस काढले होते. भारतात 1995 साली सॅमसंग आणि 1997 साली एलजी या कोरियन कंपन्यांनी पाऊल ठेवल्यावर ते दोन शब्द आपल्याकडच्या जाहिरातींतही झळकू लागले. या ‘फुल्ली ऑटोमॅटिक’ यंत्राने माणसाच्या हातचे अधिकार काढून स्वतःकडे घेतले. कोरड्या कपड्यांसह तळाची चकती, म्हणजे पल्सेटर, थोडी मागेपुढे फिरवून मोटरवर किती भार पडतो हे ते अजमावते आणि त्यावरून पाण्याचे मान ठरवते. टबाला जोडलेल्या एका बारीक नळीत हवा कोंडलेली असते, पाणी चढेल तसा तिचा दाब वाढतो, आणि पाणी पुरेसे झाल्याचे यंत्राला त्या दाबावरून समजते. ती नळी चिरली किंवा निसटली तर यंत्र पाणी घेतच राहते, आणि गिऱ्हाईक दोष मात्र नळाच्या व्हॉल्व्हला देते.

स्वयंचलित यंत्राने माणसाला मोकळे केले, परंतु घराकडून काही अटी लेखी मागून घेतल्या. पुष्कळ कंपन्यांच्या पुस्तिकांत पाण्याचा किमान दाब चौरस सेंटिमीटरला सुमारे 0.3 किलोग्रॅम असावा असे नमूद असते. एक मीटर उंचीचे पाणी सुमारे 0.1 किलोग्रॅम दाब देते. तेव्हा टाकीतले पाणी यंत्राच्या नळापेक्षा निदान तीन मीटर उंच हवे, हा त्या आकड्याचा अर्थ. गच्चीवरची टाकी ज्यांच्या अगदी डोक्यावर, त्या सर्वांत वरच्या मजल्यावरील बिऱ्हाडांना ही अट पाळणे दुष्कर ठरले. तळमजल्यावर बिनबोभाट चालणारे यंत्र वरच्या मजल्यावर तेवढ्याच अवधीत भरेना, आणि एलजीच्या यंत्रावर ‘आयई’ ही पाणी न आल्याची खूण झळकू लागली. त्यावर कोणी छोटा पंप बसवला, कोणी कमी दाबावर उघडणारा व्हॉल्व्ह लावून घेतला. यंत्र बदलून मात्र कोणाचाही प्रश्न सुटला नाही, कारण दोष टाकीच्या उंचीत होता.

दाब पुरेसा असूनही पाणी मंद येऊ लागले तर पाहण्याची जागा एकच. वीज काढावी, तोटी बंद करावी, यंत्राच्या पाठीला आट्यांनी बसवलेली नळी खाली तांब्या धरून सोडवावी. आत बोटाच्या पेराएवढी प्लॅस्टिकची जाळी दिसते, ती पकडीने सरळ बाहेर ओढावी. बोअरच्या पाण्याच्या वस्तीत तिच्यावर क्षाराची पांढरी पुटे चढलेली असतात, आणि सोसायटीची टाकी नुकतीच धुतलेली असेल तर तांबूस गाळ. दात घासायच्या जुन्या ब्रशने ती घासावी, क्षार हटत नसेल तर लिंबूसत्त्वाच्या पाण्यात भिजवावी, आणि नळी परत लावताना तिच्या तोंडातला रबरी वायसर जागेवर आहे ना हे पाहून आटे हातानेच आवळावेत. पाणी न येण्याच्या कित्येक तक्रारी एवढ्यावर निकालात निघतात.

पाणी घेण्याची अट अशी, तर सोडण्याची निराळी. आपल्याकडच्या बहुसंख्य टॉप-लोड यंत्रांत पाणी उपसणारा पंप नसतो. एक लहान मोटर व्हॉल्व्ह ओढून उघडते आणि पाणी स्वतःच्या भाराने बाहेर पडते. त्यामुळे सांडपाण्याची नळी मोरीच्या उंबऱ्यावरून उचलून नेली की पाणी अर्ध्यावर अडते, आणि ‘ओई’ ही अक्षरे उमटतात. नळी जमिनीलगत असूनही पाणी अडले, तर व्हॉल्व्हच्या तोंडाशी बहुधा शर्टाचे बटण, नाणे किंवा सेफ्टी पिन अडकलेली असते. हीच छोटी मोटर व्हॉल्व्हबरोबर क्लचही ओढते. म्हणून ती बिघडली की पाणी जात नाही आणि कपडेही पिळले जात नाहीत. या दोन तक्रारी एकदम आल्या तर दोन बिघाड शोधण्याची घाई करू नये.

पिळण्याच्या वेळी यंत्र आदळते, थरथरते, जागेवरून सरकते, ही तक्रार सर्वांत जुनी आणि सर्वांत सार्वत्रिक. मोरीची किंवा ड्राय बाल्कनीची फरशी पाणी वाहून जावे म्हणून मुद्दाम उताराची केलेली असते, आणि यंत्राला तर समतल भूमी हवी असते. एकाच जागेकडून दोन विरुद्ध अपेक्षा ठेवल्या की भांडण अटळच. मिनिटाला सातशेच्या आसपास फेरे घेणाऱ्या टोपलीच्या काठावर मिठाच्या पाण्याने भरलेले पोकळ कडे असते, आणि कपड्यांचा भार एका बाजूला झाला की वेगात आलेले ते पाणी विरुद्ध बाजूला सरून तोल सावरते. परंतु एकटी ओली चादर जेव्हा गोळा होऊन एकाच अंगाला बसते, तेव्हा त्या कड्याचाही नाइलाज होतो. यंत्र थांबते, पुन्हा पाणी घेऊन कपडे पसरण्याचा प्रयत्न करते, आणि तेही साधले नाही तर ‘यूई’ म्हणून शरण येते. अशा वेळी चादरीसोबत दोन-चार कपडे टाकावेत, यंत्राचे समोरासमोरचे कोपरे आळीपाळीने दाबून कोणता पाय अधांतरी आहे ते शोधावे आणि त्या पायाचा नट फिरवून तो फरशीला टेकवावा. इतके करूनही टब आदळत असेल, तरच त्याला चार कोपऱ्यांतून टांगून धरणाऱ्या दांड्यांकडे वळावे. त्यांच्या स्प्रिंगा वर्षांच्या भाराने दबतात, आणि बदलायच्या तर चारही एकदम बदलाव्यात.

आवाज ऐकून निदान करण्याची जुनी विद्या पट्ट्याच्या यंत्रांत आजही उपयोगी पडते. पाणी भरले, मोटर घुमल्यासारखी गुणगुणते, पण पल्सेटर हलत नाही, असे झाले की आधी वीज काढून तो हाताने फिरवून पाहावा. अडत असेल तर त्याच्याखाली मोजा किंवा नाणे गेलेले असते. मोकळा फिरत असेल आणि जळक्या रबराचा वास येत असेल तर पट्टा सैल. आणि मोकळा फिरूनही नुसतीच गुणगुण असेल तर बहुधा कपॅसिटर गेला, ज्याला मेकॅनिक कंडेन्सर म्हणतो. त्यावर छापलेला मायक्रोफॅरडचा आकडा लिहून घेऊन पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लोहार चाळीत गेले की तो सहज मिळतो. मात्र वीज काढल्यानंतरही कपॅसिटरमध्ये भार शिल्लक राहतो आणि तो झटका देऊ शकतो; म्हणून ज्याला तो भार उतरवण्याची रीत ठाऊक नाही त्याने निदान करून थांबावे व बदलण्याचे काम जाणत्याकडे सोपवावे. यंत्राच्या अंगाला हात लावताच झिणझिण्या येत असतील तर ते यंत्र बंद ठेवून प्रथम अर्थिंग तपासून घ्यावे.

यंत्राचा तळ बहुधा उघडा असतो, आणि तेथून गणरायाच्या वाहनाचा प्रवेश होतो. वायरी कुरतडणे, सांडपाण्याची नळी चावणे, मोटरच्या उबेला घर करणे, हे उपद्व्याप इतके सार्वत्रिक की तळाला बसवायची जाळी हा आता यंत्राचा अलिखित भागच झाला आहे.

पुढे 2005 नंतर भारनियमनाची वर्षे आली. वीज गेली की यंत्र अर्ध्या धुण्यावर थांबे, आणि ती परत आल्यावर काही यंत्रे जेथे थांबली तेथून पुढे जात, तर काही पहिल्यापासून आरंभ करून पाण्याचा दुप्पट खर्च करीत. त्यामुळे भारनियमनाचे वेळापत्रक पाहून धुणे लावण्याची तजवीज घरोघर झाली. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, तेव्हा एका धुण्याला शंभर लिटरांच्या पुढे पाणी घेणाऱ्या या यंत्राकडे मराठवाड्यातील घरांनी कोणत्या नजरेने पाहिले असेल हे सांगायला नको.

25 मार्च 2020 रोजी देशभर टाळेबंदी लागू झाली. धुणे-भांडी करणाऱ्या बाई येईनात आणि मेकॅनिकही येईना, तेव्हा ज्यांनी आयुष्यात कधी स्क्रू पिळला नव्हता त्यांनी भ्रमणध्वनीवर चित्रफिती पाहत जाळ्या काढल्या, नळ्या सोडवल्या. आणि त्याच वेळी या उद्योगाची सीमाही पुष्कळांना कळली. नव्या यंत्रांचा मेंदू, म्हणजे बोर्ड, दमटपणापासून राखण्यासाठी राळेसारखे द्रव्य ओतून बंद केलेला असतो. त्यातला एखादा क्षुद्र भाग जळला तरी तो उकरणे जिकिरीचे असते आणि पूर्ण बोर्डच बदलण्याचा सल्ला मिळतो. थेट टोपलीला जोडलेल्या नव्या मोटरींत पट्टा नाही, तसा जुन्या पद्धतीचा कपॅसिटरही नाही. बिघाड कमी झाले हे खरे, पण जे होतात ते पेठेतल्या कारागिराच्या कक्षेबाहेर गेले. व्हिडिओकॉन 2018 साली दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली तेव्हा तिच्या यंत्रांचा सांभाळ याच कारागिरांवर येऊन पडला. त्यांना तो पेलला, कारण ती यंत्रे उघडता येत होती.

आज नव्या इमारतींच्या नकाशात ड्राय बाल्कनीतच यंत्राची जागा आखलेली असते: वर तोटी, बाजूला अर्थिंगसह सॉकेट, खाली सांडपाण्याचे तोंड. यंत्राने लेखी मागितलेल्या अटींचा घराने असा बराचसा निकाल लावला आहे. बाकी उरली आहे ती कंपन्यांकडे. ग्राहक व्यवहार विभागाने 2022 च्या डिसेंबरात दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू करून उत्पादकांनी दुरुस्तीचा तपशील लोकांसमोर ठेवावा असा ओनामा केला. त्याला बळ द्यायचे तर गिऱ्हाइकाने विक्रेत्याला रंग आणि सवलत विचारण्याआधी तीन गोष्टी विचारण्याचा प्रघात पाडायला हवा: बोर्डाची किंमत काय, सुटे भाग किती वर्षे मिळतील, आणि कंपनीबाहेरच्या कारागिराला ते विकत घेता येतील काय. उत्तर लेखी मिळाले नाही तर पुढच्या दुकानात जावे.