घरच्या डावाला घरच्या चकत्या

पत्त्यांच्या डावात हिशेबासाठी पूर्वी चिंचोके किंवा कवड्या वापरत. आता पोकरच्या प्लॅस्टिकच्या चकत्या मिळतात. त्यांचा व्यास साधारण ३९ मिलिमीटर असतो आणि मधल्या गोलात आपले लेबल लावता येते.

इंदूरचे भंवरकुआं म्हणजे शिकवणी वर्गांचा भाग. पुतण्या शिकायला आमच्याकडे इथे राहतो. मोबाइलवरच्या रमीत त्याने वर्गाची फी घालवली. अशा ऑनलाइन पैशांच्या खेळांवर केंद्राने २०२५ साली बंदीचा कायदा केला. पण पोराची पत्त्यांची ओढ कायद्याने थोडीच जाते? सासूबाई म्हणाल्या, "आमच्यासमोर बसून खेळ बाबा, पैसे न लावता."

मग लेबले त्यानेच काढली. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफांत १२० गोल पाने, दहा अवतारांचे दहा संच. तशी आमच्या चकत्यांवरही चित्रे आली: एकवर चहाचा कप, पाचवर पोह्यांची बशी, दहावर सराफ्यातला भुट्ट्याचा कीस. सासूबाईंना दिसावेत म्हणून आकडे ठळक, देवनागरीत.

तुम्हीही करून पाहा. गोलाचे माप घ्या, लेबल एक-दोन मिलिमीटर लहान ठेवा. व्हिनाइल स्टिकरवर छापून घ्या. साधा कागद घामाने सुटतो. चकती स्पिरिटने पुसा, वाळू द्या, लेबल मधून कडेकडे दाबत चिकटवा.

हरणाऱ्याने चकतीवरचा पदार्थ जिंकणाऱ्याला खाऊ घालायचा, एवढाच आमचा नियम. गेल्या रविवारी पुतण्या हरला आणि पोहे त्यानेच केले. मीठ जरा जास्त झाले होते, तरी सासूबाईंनी दुसऱ्यांदा वाढून घेतले.