मूळव्याध आणि चोथा: ऐकीव काय, खरे काय

मूळव्याध उष्णतेने होते, असे घरोघरी सांगितले जाते. म्हणून तिखट बंद होते, वांगे बंद होते, आणि संडासात कुंथणे मात्र तसेच चालू राहते. तिखटाने आग होते, फिशर (गुदद्वाराला पडलेली चीर) असेल तर त्रास वाढतो, हे खरे. पण मूळव्याधीत आधी सुटायला हवे ते कुंथणे. गुदद्वाराच्या आत रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या प्रत्येकालाच असतात. खडा झाला, जोर करावा लागला की त्या फुगतात, खाली सरकतात, रक्त पडते. अन्नातला चोथा, म्हणजे फायबर, पाणी धरून ठेवतो, मल मऊ आणि भरदार होतो, जोर करण्याची वेळच येत नाही. एकूण 378 रुग्णांवरच्या 7 चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा चोथा घेणाऱ्यांत रक्तस्राव सुमारे निम्म्याने कमी आढळला.

‘कोशिंबीर रोज खातो की’, असे पुष्कळ जण सांगतात. काकडीत 95 टक्के पाणीच असते, तिच्यातून चोथा मिळणार किती? दिवसाला 25 ते 30 ग्रॅम हवा. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात तो सुमारे 10 ग्रॅम, तेवढ्याच पांढऱ्या तांदळात जेमतेम 3. भाकरी, मटकीची किंवा हरभऱ्याची उसळ, पालेभाजी, एखादा पेरू, एवढ्याने बरीच मजल गाठता येते. मात्र हळूहळू वाढवा, एकदम वाढवला की पोट फुगते आणि माणूस दोन दिवसांत सगळे सोडून देतो.

इसबगोलाची सवय लागते, ही भीतीही उगाच. सोनामुखी घातलेली चूर्णे आतड्याला ढोसून हलवतात. इसबगोल म्हणजे नुसता भुसा, पाण्यात फुगून बुळबुळीत होणारा. चूक होते ती पाण्यात. चमचाभर इसबगोल दोन घोटांवर गिळू नये, मोठा पेलाभर पाणी हवेच आणि दिवसभरही पाणी हवे. नाहीतर तो घशात किंवा आतड्यात अडकू शकतो. शिवाय आठवड्यात गुण आला नाही म्हणून थांबू नका, पूर्ण परिणामाला सहा आठवडेही लागतात.

मूळव्याधीचा कोंब बाहेर येऊन हाताने आत ढकलावा लागत असेल, तर नुसत्या चोथ्याने भागत नाही. सर्जनला दाखवावे लागते. आणि रक्त पडले म्हणजे मूळव्याधच, असे घरी ठरवू नका. मोठ्या आतड्याच्या कर्करोगातही रक्त पडते. वजन उतरत असेल, शौचाची नेहमीची सवय बदलली असेल किंवा पन्नाशीच्या आसपास पहिल्यांदाच रक्त दिसले असेल, तर इसबगोलाचा डबा आणण्याआधी तपासणी करून घ्या.