सुप्रीम कोर्टाची वाट आपल्या कागदांच्या पिशवीतून जाते



गटाच्या बैठकीत जमिनीचा, घराच्या हिश्श्याचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक म्हणजे, "मी सुप्रीम कोर्टापर्यंत जाईन." दुसरं म्हणजे, "कोर्टाची पायरी नको गं बाई, तिथं पैसेवाल्यांचंच चालतं." पहिलं वाक्य रागाचं आहे, दुसरं भीतीचं. पण सुप्रीम कोर्टात नक्की काय चालतं, तिथे केस कशी पोचते, वकील काय करतात, हे आपल्यापैकी फार थोड्या जणींना माहीत असतं. म्हणून या अंकात तेच समजून घेऊ.

चळवळीतून उभी राहिलेली वकिलांची टीम

1981 मध्ये मुंबईत इंदिरा जयसिंग आणि आनंद ग्रोव्हर या वकिलांनी 'लॉयर्स कलेक्टिव्ह' नावाची संस्था सुरू केली. ज्यांच्याकडे मोठी फी द्यायला पैसे नाहीत अशा कामगारांच्या, स्त्रियांच्या, झोपडीत राहणाऱ्यांच्या केसेस लढवायच्या, हा उद्देश. इंदिरा जयसिंग पुढे 1986 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने 'ज्येष्ठ वकील' हा मान दिलेल्या पहिल्या महिला ठरल्या. त्यांनी सुप्रीम कोर्टात लढवलेल्या तीन केसेस बघू. तिन्हींमधून आपल्याला काहीतरी शिकण्यासारखं आहे.

पहिली केस: मुंबईचे फुटपाथ

1981 च्या पावसाळ्यात सरकारने मुंबईतल्या फुटपाथवर आणि झोपड्यांत राहणाऱ्यांना हटवायचं ठरवलं. त्याविरुद्ध पत्रकार ओल्गा टेलिस आणि फुटपाथवर राहणारी माणसं सुप्रीम कोर्टात गेली. ही माणसं गावाकडे काम नाही म्हणून शहरात आलेली; झोपडी गेली की जवळचं कामही जाणार, म्हणजे पोटच जाणार, असा मुद्दा वकिलांनी मांडला. 1985 मध्ये सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने निकाल दिला, की संविधानातल्या जगण्याच्या हक्कात रोजीरोटीचा हक्कही येतो.

पण लक्षात घ्या, झोपड्या हटवायच्याच नाहीत असं काही कोर्टाने म्हटलं नाही. रीतसर नोटीस द्या, पावसाळा संपेपर्यंत हात लावू नका, असं सांगितलं. आणि 1976 च्या गणतीत ज्यांची नोंद होऊन ओळखपत्र मिळालं होतं, त्यांना पर्यायी जागा द्या असं सांगितलं. म्हणजे बघा, तत्त्व सगळ्यांसाठी जिंकलं, पण हातात जागा मिळण्याचा आधार शेवटी एका कागदावर आला.

दुसरी केस: केरळची मेरी रॉय

केरळच्या त्रावणकोर भागातल्या ख्रिश्चन कुटुंबांना 1916 चा जुना वारसा कायदा लागू होता. वडील मृत्युपत्र न करता वारले, तर मुलीला मुलाच्या हिश्श्याच्या चौथा भाग किंवा पाच हजार रुपये, यातलं जे कमी असेल ते मिळायचं. लग्नात काही दिलं असेल तर तेही नाही. मेरी रॉय या शाळा चालवणाऱ्या बाईने हे मान्य केलं नाही. इंदिरा जयसिंग त्यांच्या वकील होत्या. 1986 मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल दिला, की 1951 पासूनच या कुटुंबांना भारतीय वारसा कायदा लागू आहे. म्हणजे मुलगा-मुलगी समान.

निकाल तर लागला. पण प्रत्यक्ष वाटणीसाठी मेरी रॉय यांना परत खालच्या कोर्टात कितीतरी वर्षं झगडावं लागलं. सुप्रीम कोर्ट हक्क सांगतं. जमिनीची मोजणी, वाटप, ताबा हे सगळं पुन्हा खालीच होतं.

तिसरी केस: आईची सही

1984 मध्ये लेखिका गीता हरिहरन यांनी आपल्या लहान मुलाच्या नावाने रिझर्व्ह बँकेचे बाँड घ्यायला अर्ज केला. पालक म्हणून सही आईची. वडिलांचीही त्याला संमती होती. तरी बँकेने सांगितलं, की अर्ज वडिलांच्या सहीने आणा, नाहीतर पालक असल्याचा कोर्टाचा दाखला आणा. कारण 1956 च्या कायद्यात लिहिलं होतं, की पालक वडील, आणि वडिलांच्या 'नंतर' आई.

सगळा वाद या 'नंतर' शब्दावर झाला. नंतर म्हणजे वडील वारल्यावर का? 1999 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की नाही, नुसतं वारल्यावर नाही. वडील लक्ष देत नसतील, दूर असतील, आजारी असतील, किंवा दोघांनी मिळून तसं ठरवलं असेल, तर आई ही पालकच आहे. एका शब्दाचा अर्थ बदलला आणि लाखो आयांच्या सहीला किंमत आली. वकील तिथे काय करतात, तर हेच. ओरडून भांडत नाहीत, कायद्याच्या शब्दाचा अर्थ आपल्या बाजूने का लागतो ते पटवून देतात.

मग आपली केस तिथे कशी जाते?

वरच्या तिन्ही केसेस थेट सुप्रीम कोर्टात गेल्या, कारण त्यात संविधानातल्या मूलभूत हक्कांचा प्रश्न होता. पण आपले हिश्श्याचे वाद तसे थेट जात नाहीत. ते पायरी-पायरीने वर चढतात.

पहिली पायरी तालुक्याचं किंवा जिल्ह्याचं दिवाणी न्यायालय. साक्षी, कागद, उलटतपासणी सगळं इथे होतं. तालुक्याच्या कोर्टाचा निकाल विरुद्ध गेला तर जिल्हा न्यायालयात अपील, त्याची मुदत 30 दिवस. त्यानंतर उच्च न्यायालय, तिथे 90 दिवस. महाराष्ट्रात त्यासाठी प्रत्येक वेळी मुंबईलाच जावं लागतं असं नाही. नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला खंडपीठ आहे, 2025 पासून कोल्हापूरलाही सर्किट बेंच सुरू झालं आहे. उच्च न्यायालयातलं दुसरं अपील मात्र कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच घेतलं जातं.

शेवटची पायरी दिल्लीचं सुप्रीम कोर्ट. तिथे जायचं म्हणजे अपील करायची परवानगी मागावी लागते. उच्च न्यायालयाच्या निकालापासून साधारण 90 दिवसांत हा अर्ज करायचा असतो. पहिल्या सुनावणीला बऱ्याचदा काही मिनिटंच मिळतात. तेवढ्यात न्यायाधीश ठरवतात, की ही केस पुढे ऐकायची की इथेच थांबवायची. बरेच अर्ज इथेच संपतात.

तिथे कुठलाही वकील कागद दाखल करू शकत नाही. त्यासाठी सुप्रीम कोर्टाची वेगळी परीक्षा पास झालेला 'ॲडव्होकेट ऑन रेकॉर्ड' लागतो. टीव्हीवर दिसणारे मोठे ज्येष्ठ वकील उभे राहून बोलतात, पण केस दाखल करणं, कागदांची जबाबदारी घेणं हे या ऑन रेकॉर्ड वकिलाचं काम. कामकाज इंग्रजीत चालतं. त्यामुळे आपला सातबारा, फेरफार, मराठीतली साक्ष या सगळ्याचं भाषांतर करून, पानांना नंबर देऊन एक जाड फाईल तयार करतात. न्यायाधीश ती फाईल वाचून बसलेले असतात.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट

आता हे वाक्य दोनदा वाचा: सुप्रीम कोर्टात सहसा नवी साक्ष होत नाही, नवा पुरावा घेत नाहीत. खालच्या कोर्टात जे बोललं गेलं, जे कागद दिले गेले, त्यावरच वर निर्णय होतो. तालुक्याला आपण गप्प बसलो, कागद दिला नाही, तर दिल्लीतला कितीही मोठा वकील ती रिकामी जागा भरू शकत नाही.

याचं चांगलं उदाहरण म्हणजे कर्नाटकातलं दानम्मा प्रकरण. दोन बहिणी. 2002 मध्ये त्यांच्या भाच्याने, म्हणजे भावाच्या मुलाने, वाटणीचा दावा केला. त्याचं म्हणणं काय? या आत्यांचा जन्म 1956 च्या कायद्याआधीचा, आणि लग्नात त्यांना पैसे-सोनं दिलंय, म्हणजे त्यांनी हिस्सा सोडलाच. ओळखीचं वाटतं ना? आपल्याकडेही हेच म्हणतात, "लग्नात एवढं केलं, आता कसला हिस्सा?" खालच्या कोर्टात बहिणी हरल्या. उच्च न्यायालयात हरल्या. 2018 मध्ये सुप्रीम कोर्टाने दोघींनाही प्रत्येकी पाचवा हिस्सा दिला. सोळा वर्षं लागली, पण प्रत्येक पायरीवर त्यांनी आपलं म्हणणं नोंदवलेलं होतं, म्हणून वर ते ऐकता आलं.

पुढे 11 ऑगस्ट 2020 ला विनीता शर्मा प्रकरणात तीन न्यायाधीशांनी हा विषय आणखी स्पष्ट केला. मुलीचा वडिलोपार्जित एकत्र मिळकतीतला हक्क जन्माने असतो. 9 सप्टेंबर 2005 ला, म्हणजे नवा कायदा आला त्या दिवशी, वडील हयात असलेच पाहिजेत अशी अट नाही. मात्र 20 डिसेंबर 2004 च्या आधी रीतसर वाटणी किंवा विक्री झाली असेल, तर ती उकरून काढता येत नाही. हा कायदा हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांना लागू आहे. मुस्लीम आणि ख्रिश्चन कुटुंबांसाठी वेगळे नियम आहेत.

पैसे नाहीत, मग?

हे खूप जणींना माहीत नाही, म्हणून ठळक सांगते. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 प्रमाणे प्रत्येक स्त्रीला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. उत्पन्नाची अट नाही. पिवळं रेशनकार्ड लागत नाही. वकिलाची फी, कोर्ट फी, कागद तयार करायचा खर्च यात येतो. तालुक्याला तालुका विधी सेवा समिती असते, जिल्ह्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, दोन्ही कोर्टाच्या आवारातच. उच्च न्यायालयासाठी वेगळी समिती आहे, आणि सुप्रीम कोर्टासाठी दिल्लीत सुप्रीम कोर्ट विधी सेवा समिती आहे. फोनवर माहिती हवी असेल तर 15100 हा हेल्पलाइन नंबर आहे. सुप्रीम कोर्टाचे बरेच निकाल आता मराठीत भाषांतर होऊन कोर्टाच्या संकेतस्थळावर वाचायलाही मिळतात.

आपण आजपासून काय करायचं?

वकील लागेल तेव्हा लागेल. त्याआधीची कामं आपल्या हातात आहेत.

1. घरात एक कागदांची पिशवी करा. सातबारा, आठ अ, जुने फेरफार, वडिलांचा मृत्यूचा दाखला, आपला जन्माचा किंवा शाळेचा दाखला, वारस नोंदीचे कागद. मूळ कागद कुणाला देऊ नका, झेरॉक्स द्या.

2. हक्कसोड पत्रावर न वाचता सही किंवा अंगठा देऊ नका. "नुसती वारस नोंद लावायचीय, सही कर" असं म्हणून हक्कसोड पुढे करतात. कागद घरी आणा, गटातल्या शिकलेल्या ताईकडून मोठ्याने वाचून घ्या. भावाला हिस्सा द्यायचा असेल तर जरूर द्या, तो तुमचा निर्णय. पण काय देतोय ते कळून द्या.

3. फेरफाराची नोटीस आली तर हरकत लेखी द्या, 15 दिवसांच्या आत. पोच घ्या. तोंडी बोललेलं तलाठी कार्यालयात राहत नाही, पोच राहते.

4. कोर्टाची नोटीस आली तर परत पाठवू नका, घ्या. आपण गेलो नाही तर आपल्या माघारी निकाल लागतो.

5. निकाल लागला की त्याच आठवड्यात पक्क्या नकलेसाठी अर्ज करा. अपिलाचे दिवस निकालापासून मोजतात. नक्कल तयार व्हायला लागलेले दिवस वजा होतात, पण अर्जच केला नाही तर काहीच वजा होत नाही.

6. लोकअदालतीत तडजोड चांगली असते, वेळ आणि नातं दोन्ही वाचतं. पण तिथला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. म्हणून सही करण्याआधी प्रत्येक ओळ समजून घ्या.

प्रत्येक वाद कोर्टात न्यावा असं माझं म्हणणं नाही. भावाबहिणींनी ओट्यावर बसून समजुतीने वाटून घेतलं तर त्यासारखं काही नाही. पण समजूतसुद्धा बरोबरीने तेव्हाच होते, जेव्हा समोरच्याला माहीत असतं की या बाईकडे कागद आहेत, हिला हक्क माहीत आहे, आणि हिच्या मागे गट आहे.

पुढच्या महिन्याच्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला की अर्धा तास या विषयाला ठेवा. प्रत्येकीने आपल्या माहेरच्या आणि सासरच्या सातबाऱ्यावर कुणाकुणाची नावं आहेत ते पाहून यायचं. ज्यांचं नाव नाही त्यांची यादी ग्रामसंघाच्या लिपिकेकडे द्या. ती यादी घेऊन आपण तालुका विधी सेवा समितीकडे एकत्र जाऊ आणि गावात कायदेविषयक शिबिर घ्यायची मागणी करू. अर्जाचा मसुदा मी तयार ठेवते, सह्या तुमच्या.

— तुमची क्षेत्र समन्वयक