टस्कीगी, टूगलू, नागपूर

टस्कीगी हे नाव मराठी घरांत पोहोचले ते वीणा गवाणकर यांच्या ‘एक होता कार्व्हर’मुळे. १९८१ साली आलेल्या या पुस्तकाने अलाबामातल्या कृष्णवर्णीयांच्या एका संस्थेतली प्रयोगशाळा, तिथली रताळ्याची आणि भुईमुगाची शेते, संस्थेचे प्रमुख बुकर टी. वॉशिंग्टन यांची शिस्त हे सगळे आपल्याकडच्या शाळकरी मुलांच्याही ओळखीचे करून टाकले. त्याच टस्कीगीची आणखी एक हकीकत आहे, ती मात्र आपल्यापर्यंत आलेली नाही. १९०० च्या अखेरीस, कृषिशास्त्रज्ञ कार्व्हर तिथे शिकवत असतानाच, टस्कीगीचे चौघे जण पश्चिम आफ्रिकेतल्या टोगोला निघाले. टोगो तेव्हा जर्मनीची वसाहत होती. जर्मन गिरण्यांना अमेरिकेवर विसंबून न राहता कापूस हवा होता आणि तो आफ्रिकी शेतकऱ्यांकडून पिकवून घेण्यासाठी जर्मनांनी गुलामांच्या शिकलेल्या मुलानातवंडांना बोलावले. जेम्स कॅलोवे या शिक्षकाच्या हाताखाली ही तुकडी गेली. ओढकामाची जनावरे तिथल्या रोगराईत टिकेनात, तेव्हा गाडे माणसांनी ओढले. गावकऱ्यांवर वसाहतीच्या सरकारची सक्ती होती. चौघांपैकी जॉन रॉबिन्सन तिथेच राहिले आणि १९०९ मध्ये नदीत बुडून वारले.

ही हकीकत आधी सांगितली, कारण विद्यार्थ्यांनी परदेशी जावे, शिक्षणाने सीमा ओलांडाव्यात, याला आज कुणीच विरोध करत नाही. पण जाणारा कुणाच्या पैशाने जातो, कुणाच्या कामासाठी जातो आणि परत येऊन काय करतो, हे प्रश्न वंचितांच्या शिक्षणात फार महत्त्वाचे आहेत. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या जुन्या महाविद्यालयांनी त्यांची उत्तरे शंभराहून अधिक वर्षे शोधली आहेत. आज तिथे ‘आंतरराष्ट्रीय शिक्षणाचा विस्तार’ ही नवी मोहीम म्हणून मांडली जाते. मला ती नवी वाटत नाही. ही महाविद्यालये जन्मापासूनच जगाशी जोडलेली होती. त्यांच्या वाट्याला आले नाहीत ते पैसे.

ही महाविद्यालये कोणती, ते कायद्यानेच ठरवलेले आहे. १९६४ पूर्वी स्थापन झालेली आणि कृष्णवर्णीयांचे शिक्षण हेच मुख्य ध्येय असलेली, अशी व्याख्या १९६५ च्या उच्च शिक्षण कायद्यात आहे. अशा संस्था आज सुमारे शंभर आहेत. पेनसिल्व्हेनियातली चेनी १८३७ ची, लिंकन १८५४ ची. यादवी युद्धानंतर फिस्क, हॉवर्ड, मोरहाउस, हॅम्प्टन निघाली; १८८१ मध्ये मुलींचे स्पेलमन आणि टस्कीगी. गोऱ्यांच्या विद्यापीठांची दारे बंद होती म्हणून ही दारे उघडावी लागली.

परदेशी शिक्षणाच्या वाटेवरचे पहिले ठळक नाव डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांचे. १८८८ मध्ये फिस्कमधून पदवी घेऊन ते हार्वर्डला गेले. स्लेटर निधी नावाची एक संस्था कृष्णवर्णीयांच्या शिक्षणाला मदत करत असे आणि तिचे प्रमुख होते माजी राष्ट्राध्यक्ष रदरफर्ड हेज. युरोपात उच्च शिक्षणासाठी पाठवावा असा लायक कृष्णवर्णीय तरुण सापडला तर त्याला मदत करू, पण तसा कुणी दिसत नाही, अशा अर्थाचे हेज यांचे बोलणे वर्तमानपत्रात आले. द्यू बॉइस यांनी अर्ज केला. नकार आला. त्यांनी हेज यांना खरमरीत पत्र लिहिले आणि पाठपुरावा सोडला नाही. १८९२ मध्ये ७५० डॉलर मंजूर झाले, त्यातले निम्मे कर्ज म्हणून. बर्लिनमध्ये ते श्मोलर आणि वॅग्नर यांच्याकडे अर्थशास्त्र शिकले, घरोघर जाऊन आकडे गोळा करण्याची आणि त्यांतून समाज वाचण्याची पद्धत शिकले. डॉक्टरेटसाठी तिथे आणखी राहणे भाग होते. निधीने पुढचे पैसे नाकारले आणि त्यांना परतावे लागले. पण शिकलेले वाया गेले नाही. १८९९ चा ‘द फिलाडेल्फिया निग्रो’ हा त्यांचा ग्रंथ म्हणजे एका शहरातल्या आपल्याच माणसांचा दारोदार जाऊन केलेला अभ्यास. पुढे अटलांटा विद्यापीठात, म्हणजे पुन्हा कृष्णवर्णीयांच्याच संस्थेत, त्यांनी हे काम वर्षानुवर्षे चालवले. १९४६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी याच द्यू बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे जाणाऱ्या कृष्णवर्णीयांच्या अर्जाची प्रत मागितली होती, कारण अस्पृश्यांच्या वतीने तशीच दाद मागण्याचा विचार त्यांच्या मनात होता.

उलट्या दिशेची वाटही तितकीच वाहती होती. नायजेरियाचे न्नामदी अझिकिवे १९३० मध्ये लिंकनचे पदवीधर झाले. गोल्ड कोस्टमधून (आजच्या घानातून) क्वामे न्क्रुमा १९३५ मध्ये अमेरिकेत आले, मिळेल ते अंगमेहनतीचे काम करत लिंकनमध्ये शिकले आणि १९३९ मध्ये पदवी घेतली. अझिकिवे नायजेरियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले, न्क्रुमा यांनी १९५७ मध्ये घाना स्वतंत्र केला. हॉवर्डमध्ये विल्यम लिओ हॅन्सबेरी यांनी १९२२ पासून आफ्रिकेच्या प्राचीन इतिहासाचे वर्ग सुरू केले होते. आफ्रिकेला इतिहासच नाही असे अनेक मोठी विद्यापीठे मानत होती तेव्हाची ही गोष्ट. अमेरिकी कृष्णवर्णीय मुले आणि आफ्रिकी मुले एका बाकावर बसून तो इतिहास शिकत. याच हॉवर्डमध्ये राज्यशास्त्र विभाग उभारणाऱ्या राल्फ बंच यांना १९५० चे शांततेचे नोबेल मिळाले, पॅलेस्टाइनमधल्या मध्यस्थीसाठी.

हिटलरच्या जर्मनीतून पळालेले ज्यू प्राध्यापक अमेरिकेत आले तेव्हा अनेकांना मोठ्या विद्यापीठांत जागा मिळाली नाही. त्यांतल्या कित्येकांना आसरा दिला तो दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयांनी. व्हिक्टर लोवेनफेल्ड हॅम्प्टनमध्ये चित्रकला शिकवू लागले आणि जॉन बिगर्ससारखा चित्रकार त्यांच्या हाताखाली घडला. अर्न्स्ट बोरिन्स्की हे वकील १९४७ मध्ये मिसिसिपीतल्या टूगलू महाविद्यालयात आले आणि मरेपर्यंत, १९८३ पर्यंत, तिथेच राहिले. तळघरातल्या आपल्या समाजशास्त्राच्या वर्गात ते गोऱ्या पाहुण्यांना बोलावत आणि कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या शेजारी बसवत. गावात हे चालत नव्हते, त्या खोलीत चालत होते. ज्या मुलांना तेव्हा बाहेर पाठवणे कुणाच्या ऐपतीत नव्हते त्यांच्यापर्यंत जग असे चालत आले. आज कुणी संस्था आपण किती विद्यार्थी परदेशी पाठवले एवढेच मोजते, तेव्हा मला ती तळघरातली खोली आठवते. तिची गणना कोणत्या रकान्यात करणार?

टूगलूशी आपलाही एक धागा आहे. मे १९६४ मध्ये राममनोहर लोहिया तिथे पाहुणे होते. जवळच्या जॅक्सन शहरात एका खाणावळीने त्यांना वर्णावरून आत घेतले नाही. ते दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले आणि त्यांना अटक झाली. अमेरिकी सरकारने दिलगिरी व्यक्त केली.

भारत आणि ही महाविद्यालये यांच्यातली मुख्य ये-जा मात्र त्याआधी जवळपास तीस वर्षे सुरू झाली होती आणि तिचे केंद्र हॉवर्ड होते. तिथल्या प्रार्थनामंदिराचे प्रमुख हॉवर्ड थर्मन फेब्रुवारी १९३६ मध्ये बारडोलीला गांधींना भेटले. त्या दौऱ्यात कोलंबोतल्या विधी महाविद्यालयात एका तरुणाने त्यांना विचारले, की ज्या धर्माच्या लोकांनी तुम्हाला गुलाम केले त्याच धर्माचे म्हणून तुम्ही इथे कसे आलात? थर्मन यांचे पुढचे लेखन म्हणजे बरेचसे त्या प्रश्नाचे उत्तर आहे. वर्षभरात हॉवर्डच्याच धर्मशास्त्र विभागाचे बेंजामिन मेज आले, वर्ध्याला गांधींना भेटले. म्हैसूरकडे अस्पृश्यांच्या एका शाळेत मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख अमेरिकेतले अस्पृश्य अशी करून दिली. मेज आधी दुखावले आणि मग, आपल्या आत्मचरित्रात ते सांगतात त्याप्रमाणे, हे खरेच आहे हे त्यांनी मनाशी कबूल केले. हा माणूस १९४० मध्ये मोरहाउसचा अध्यक्ष झाला आणि तिथे मार्टिन ल्यूथर किंग त्याचा विद्यार्थी होता. हॉवर्डचे अध्यक्ष मॉर्डेकाय जॉन्सन भारतातून परतल्यावर गांधींविषयी बोलले, ते भाषण ऐकून किंग यांनी गांधींवरची पुस्तके विकत घेतली. प्राध्यापकाने केलेला एक प्रवास कितीजणांपर्यंत पोहोचतो, याचा याहून मोठा दाखला मला माहीत नाही.

आणि नागपूर. जेम्स लॉसन हे अमेरिकी कृष्णवर्णीय तरुण कोरियन युद्धाच्या सक्तीच्या भरतीला नकार देऊन तुरुंगात गेले, सुटल्यावर १९५३ मध्ये मेथडिस्ट मिशनतर्फे हिस्लॉप कॉलेजात आले आणि तीन वर्षे राहिले. गांधींबरोबर काम केलेली माणसे तेव्हा विदर्भात होती. लॉसन त्यांना भेटत राहिले. अलाबामातल्या माँटगोमेरीत कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार टाकल्याची बातमी त्यांनी नागपूरच्या वर्तमानपत्रात वाचली. परतल्यावर ते नॅशव्हिलला गेले आणि फिस्क, टेनेसी ए अँड आय, मेहॅरी आणि अमेरिकन बॅप्टिस्ट या संस्थांतल्या विद्यार्थ्यांना अहिंसक प्रतिकाराचे पाठ देऊ लागले. शिव्या कशा ऐकायच्या, मार कसा झेलायचा, खुर्ची कशी सोडायची नाही याची तालीम चर्चमध्ये होई. डायान नॅश, जॉन लुइस त्याच वर्गातले. फेब्रुवारी १९६० मध्ये ही मुले दुकानांतल्या, गोऱ्यांसाठी राखलेल्या जेवणाच्या टेबलांपाशी जाऊन बसली आणि मे महिन्यात ती टेबले सर्वांना खुली झाली. लॉसन स्वतः व्हँडरबिल्टमध्ये शिकत होते. त्या विद्यापीठाने त्यांना काढून टाकले. २०२४ मध्ये ते वारले. हिस्लॉपच्या आवारात त्यांचे नाव मोठ्या अक्षरांत लागायला हवे असे मला मनापासून वाटते.

आता आजचे चित्र. अमेरिकेत महाविद्यालयांत शिकणाऱ्यांमध्ये कृष्णवर्णीय बारा-तेरा टक्के आहेत, पण परदेशी शिकायला जाणाऱ्यांत ते सहा टक्क्यांच्या आसपास. पूर्वी हे प्रमाण याहून कमी होते. मुलांना जायचे नसते, घरचे घाबरतात, अशी कारणे दिली जातात. ती खोटी नाहीत, पण ती वरवरची आहेत. या महाविद्यालयांतले बहुसंख्य विद्यार्थी संघराज्य सरकारकडून गरजूंना मिळणाऱ्या पेल अनुदानावर शिकतात. एक सत्र बाहेर गेले की विमानाचे भाडे तर लागतेच, शिवाय त्या महिन्यांची नोकरी जाते आणि त्या पगारावर अनेकदा घरचे वाणसामान चालत असते. पहिला पासपोर्ट काढायला १६५ डॉलर पडतात. घरातल्या कुणाकडेच पासपोर्ट नसेल तर कागद कुठून जमवायचे इथपासून अडते. २००१ पासून पेल अनुदान घेणाऱ्यांसाठी गिलमन शिष्यवृत्ती आहे, ५,००० डॉलरपर्यंत. तिने खूप फरक पडला. काही संस्था पासपोर्टचा खर्च उचलतात. पण मुलांना घेऊन जाणारे प्राध्यापक लागतात. इथले प्राध्यापक एका सत्रात चार-चार विषय शिकवतात. त्यांनी दौरा आखायचा कधी?

पैशाची ही टंचाई कुठून आली हे लपलेले नाही. १८९० च्या कायद्याने दक्षिणेतल्या राज्यांना कृष्णवर्णीयांसाठी वेगळी कृषी विद्यापीठे काढण्याची मुभा दिली, पण राज्यांनी त्यांना गोऱ्यांच्या विद्यापीठांइतका पैसा कधी दिला नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण आणि कृषी खात्यांच्या मंत्र्यांनी सोळा राज्यांच्या गव्हर्नरांना पत्रे लिहून सांगितले, की गेल्या तीस वर्षांतच ही तूट १२ अब्ज डॉलरहून अधिक आहे. स्पेलमनने मात्र पैसा आला की काय होते ते दाखवले. १९५० च्या दशकाच्या अखेरीस मेरिल शिष्यवृत्त्या मिळू लागल्या आणि मॅरियन राइट एडलमन १९५८ मध्ये पॅरिस आणि जिनिव्हाला शिकायला गेल्या. पुढे त्या मिसिसिपीत वकिली करणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री ठरल्या आणि मुलांच्या हक्कांसाठी त्यांनी आयुष्य घातले.

इतर वंचितांच्या महाविद्यालयांची अवस्था वेगळी आहे. एक चतुर्थांश विद्यार्थी लॅटिन अमेरिकी वंशाचे असलेल्या संस्था पाचशेहून अधिक आहेत. तिथे काही मुलांपुढे पैशाआधी कागदांचा प्रश्न येतो: लहानपणी परवान्याविना आणलेली ही मुले सरकारची आगाऊ मंजुरी घेतल्याशिवाय देशाबाहेर पडली तर परत येता येईल याची खात्री नसते. सप्टेंबर २०२५ मध्ये शिक्षण खात्याने अशा आणि इतर अल्पसंख्याकांच्या संस्थांची मिळून सुमारे ३५ कोटी डॉलरची अनुदाने थांबवली. आदिवासींची महाविद्यालये पस्तीसच्या आसपास, पहिले नवाहो लोकांनी १९६८ मध्ये काढलेले. त्यांनी आपली वाट निराळी निवडली. युरोपातल्या राजधान्यांपेक्षा न्यूझीलंडचे माओरी, हवाईचे मूळ रहिवासी, कॅनडातले आदिवासी यांच्याशी त्यांनी नाते जोडले आणि २००२ मध्ये जगभरच्या आदिवासी उच्च शिक्षण संस्थांचा संघ उभा राहिला. भाषा मरणाच्या दारात असताना ती शाळेत कशी परत आणायची, हे माओरींकडून शिकण्यासारखे होते. ज्याची गरज आहे तेच शिकायला जायचे, हा त्यांचा बाणा मला सर्वांत पटतो.

आपल्याकडे महाराष्ट्र सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातींच्या ७५ विद्यार्थ्यांना दरवर्षी मिळते, केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या १२५ जागा आहेत. दोन्ही योजनांनी घरे बदलली आहेत. पण केंद्राच्या २०२२ च्या नियमावलीत एक कलम आले: भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास किंवा भारताविषयीच्या सामाजिक अभ्यासावरचे विषय या शिष्यवृत्तीत बसणार नाहीत. ते भारतातच शिकता येतील, असा युक्तिवाद झाला. पण द्यू बॉइस बर्लिनला जाऊन आले आणि फिलाडेल्फियाच्या गल्ल्यांकडे वळले. दलित साहित्याचे समीक्षक म. ना. वानखडे अमेरिकेत शिकून मराठवाड्यात परतले आणि कृष्णवर्णीयांच्या साहित्याची ओळख इथल्या नवलेखकांना झाली. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या वर्गात आंबेडकरांनी वाचलेला निबंध भारतातल्या जातींवर होता आणि ते तिथे बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर शिकत होते. सयाजीरावांनी त्यांना असे कलम घातले नव्हते. हे कलम रद्द व्हायला हवे, जागा वाढायला हव्यात आणि निवड झालेल्यांच्या हातात पैसे विद्यापीठाचे सत्र सुरू होण्याआधी पडायला हवेत.