सोपं काम कुणाचं, अवघड कुणाचं?

दसरा झाला की सिल्लोड तालुक्यात मक्याची सोंगणी जोर धरते आणि त्याच दिवसांत इथल्या गॅरेजांपुढची गर्दी वाढते. मळणीयंत्राला जोडायचा ट्रॅक्टर, आडतीवर माल नेणारा पिकअप, दिवाळीला गावी आलेल्या माणसांच्या मोटारी आणि दुचाकी, सगळ्यांनाच गाडी आजच्या आज हवी असते. अशा सकाळी गॅरेजचा मालक एक निर्णय घेतो आणि तो कुठल्याही वहीत लिहिला जात नाही. कुठली गाडी कुणाच्या हाती द्यायची, हा तो निर्णय. त्या दिवशी कोण किती कमावणार आणि कोण काय शिकणार हे त्यावर ठरतं. गिऱ्हाइकाची गाडी नीट दुरुस्त होणार की नुसती आटोपली जाणार, हेही त्यावरच ठरतं. गाड्यांच्या किमतीबद्दल, मायलेजबद्दल आपण भरपूर बोलतो. ज्या हातांवर त्या गाड्या चालतात, त्यांच्यातल्या कामाच्या वाटणीबद्दल मात्र बोलत नाही. ते बोललं पाहिजे.

सिल्लोडच्या रस्त्यावरची कामं

छत्रपती संभाजीनगरहून साधारण पासष्ट किलोमीटरवर, जळगावकडे जाणाऱ्या महामार्गावर सिल्लोड वसलं आहे. पुढे गोळेगाव, अजिंठा आणि मग फर्दापूरकडे उतरणारा घाट. पूर्वेला भोकरदनवरून जालन्याचा रस्ता. इथल्या गॅरेजांत येणारं काम या भूगोलातून आणि शेतीतून येतं. घाट चढणाऱ्या अवजड गाडीचा क्लच झिजतो, उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक तापतात. शेतातल्या धुळीने एअर फिल्टर तुंबतात. ऊस, कापूस, मका यांच्या ओझ्याखाली ट्रॉल्यांचे कमानपाटे बसतात.

यातली सोपी कामं कुठली, हे प्रत्येक फिटर झोपेतही सांगेल. ऑइल आणि फिल्टर बदलणं, ब्रेकचे लायनर टाकणं, क्लचची वायर बदलणं, ग्रीसिंग करणं. किती वेळ लागणार ते आधीच माहीत असतं, मजुरी ठरलेली असते, गाडी परत येण्याची भीती नसते. अवघड कामांत इंजिन उतरवणं, गिअरबॉक्स खोलणं, डिझेल पंप आणि नोजल, आणि सगळ्यांत चिवट म्हणजे वायरिंगमधला कधी दिसणारा, कधी न दिसणारा फॉल्ट.

काही कामांची वाटणी बाजारच करून टाकतो. पंप-नोजलचं काम पंपवाल्याकडे, बोअर आणि क्रँकचं लेथवाल्याकडे, डायनामो-स्टार्टर वायरमनकडे, पाटे कमानवाल्याकडे. ज्याची त्याची विद्या आणि ज्याची त्याची मजुरी. कटकट असते ती एकाच छपराखाली चार-पाच जण काम करतात तिथे.

खोलतो एक, बांधतो दुसरा

ट्रॅक्टरच्या क्लचचं उदाहरण घेऊ. बहुतेक ट्रॅक्टरला मोटारीसारखी वेगळी चासी नसते. इंजिन, क्लचचं घर, गिअरबॉक्स आणि मागचा ॲक्सल एकमेकांना बोल्टने जोडलेले असतात आणि तोच ट्रॅक्टरचा कणा. त्यामुळे क्लच प्लेट बदलायची तर ट्रॅक्टर मधोमध सोडवावा लागतो.

"मिस्त्री, सकाळपर्यंत द्या बरं, मळणीवाला येऊन बसलाय," शेतकरी म्हणतो.

"दादा, प्लेट नुसती पाहायची तरी ट्रॅक्टर मधून तोडावा लागतो. घाई केली तर तुमचंच नुकसान," मिस्त्री सांगतो.

आणि ते खरंच असतं. आधी वायरी, डिझेलची नळी, स्टिअरिंगचे रॉड, हायड्रॉलिकच्या नळ्या सोडवायच्या. दोन्ही अर्ध्यांना खालून पक्का आधार द्यायचा, समोरच्या ॲक्सलला लाकडी पाचर ठोकायची, नाहीतर इंजिन कलंडतं. मग भोवतीचे बोल्ट काढून एक भाग हळूहळू मागे ओढायचा. प्लेट बदलल्यावर दोन्ही भाग पुन्हा जोडताना गिअरबॉक्सच्या शाफ्टचे दाते प्लेटच्या दात्यांत अचूक बसावे लागतात. ते बसत नाहीत म्हणून कुणी बोल्ट आवळून जबरदस्तीने ओढलं, तर नवी प्लेट तिथेच वाकते.

या कामात बोल्ट सोडवतो पोरगा, धुतो पोरगा, पाना हातात देतो पोरगा. दाते जुळवण्याची वेळ आली की मात्र मिस्त्री स्वतः पुढे होतो. गॅरेजातली जुनी रीत हीच. खोलायला शिकाऊला मिळतं, बांधायला मिळत नाही. यात शहाणपण आहे, कारण बांधताना झालेली चूक महागात पडते. पण पाच वर्षं झाली तरी ज्याला बांधायला मिळालंच नाही, तो पाच वर्षांनीही हेल्परच राहतो.

या शिकाऊंत एकेकाळी दहा-बारा वर्षांची मुलं सर्रास असत. १९८६च्या बालकामगार कायद्यातल्या बंदी असलेल्या कामांच्या यादीत पुढे मोटार गॅरेजांचाही समावेश झाला आणि २०१६च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालच्या मुलांना कुठल्याही धंद्यात मजुरीला ठेवण्यावर बंदी आली. ही वाटणी तर कधीच व्हायला नको होती. शाळेतल्या वयाच्या पोराच्या वाट्याला गॅरेजातलं सोपं कामही नको आणि अवघडही नको.

जॉब कार्डावरचा वेळ

शहरातल्या अधिकृत वर्कशॉपची रीत वेगळी. तिथे गाडी आली की जॉब कार्ड बनतं आणि फ्लोअर सुपरवायझर ते टेक्निशियनच्या हाती देतो. प्रत्येक कामाला कंपनीने ठरवलेला प्रमाणित वेळ असतो. बऱ्याच ठिकाणी पगारावर इन्सेंटिव्ह मिळतो आणि तो महिनाभरात किती गाड्या केल्या किंवा किती मजुरीचं बिल झालं यावर अवलंबून असतो. अमेरिकेत ही पद्धत टोकाला गेलेली आहे. तिथल्या अनेक वर्कशॉपांत मेकॅनिकला पुस्तकातल्या तासांचेच पैसे मिळतात. पुस्तकात एखाद्या कामाला तीन तास लिहिले असतील, तर त्याने ते दोन तासांत केलं तरी तीनचे आणि पाच तास घासलं तरी तीनचेच.

कागदावर हे न्याय्य दिसतं. पण पुस्तकातला वेळ असतो तो चांगल्या गाडीवर, मोकळ्या बोल्टवर काम करण्याचा. गंजून बसलेला, डोकं झिजलेला बोल्ट त्यात नसतो. शिवाय वॉरंटीतल्या कामाला मिळणारा वेळ बहुधा गिऱ्हाइकाच्या पैशाने होणाऱ्या कामाहून कमी धरलेला असतो. मग सगळ्यांचा डोळा पेड सर्व्हिसच्या गाड्यांवर आणि वॉरंटीतल्या किचकट तक्रारीकडे सगळ्यांची पाठ. जॉब कार्ड वाटणाऱ्याशी ज्याचं सख्य, त्याच्या वाट्याला लोणी.

ही ओढ कुठवर नेते, ते १९९२ साली कॅलिफोर्नियात दिसलं. सिअर्स या मोठ्या कंपनीच्या मोटार दुरुस्ती केंद्रांवर राज्याच्या ग्राहक खात्याने गुप्त तपासणी केली. खात्याची माणसं साधं गिऱ्हाईक बनून गाड्या घेऊन गेली आणि बहुतेक वेळा त्यांना गरज नसलेली दुरुस्ती विकण्यात आली. त्याआधी कंपनीने कर्मचाऱ्यांची कमाई विक्रीशी आणि केलेल्या कामांच्या संख्येशी जोडली होती, ठरावीक भागांच्या विक्रीचं उद्दिष्टही दिलं होतं. प्रकरण उघड झाल्यावर गिऱ्हाइकाला दुरुस्ती सुचवणाऱ्या सल्लागारांचं कमिशन आणि ती उद्दिष्टं कंपनीला बंद करावी लागली. चांगल्या भागाच्या जागी नवा भाग बसवणं हे फिटरसाठी सर्वांत सोपं काम असतं. पैसा सोप्या कामातच ठेवला, की सोपी कामं नसली तरी निर्माण केली जातात.

शोधण्याची मजुरी

माझ्या मते या सगळ्याचं मूळ एका गोष्टीत आहे. हाताने केलेलं काम आपण मोजतो, डोक्याने केलेलं मोजत नाही.

एक मोटार घ्या. चालता चालता तापली की बंद पडते, अर्ध्या तासाने थंड झाली की पुन्हा चालू होते. गॅरेजात येईतो ती ठणठणीत. अशा वेळी एक संशयित असतो क्रँकशाफ्टचा सेन्सर. क्रँक कुठे आणि किती वेगाने फिरतोय हे तो इंजिनाच्या संगणकाला कळवतो. तापल्यावर त्याचा संकेत तुटला की संगणक इंधन आणि ठिणगी दोन्ही थांबवतो. स्कॅनरवर कधी याचा कोड दिसतो, कधी दिसत नाही. मग फिटर गाडी घेऊन निघतो, ती तापून बंद पडेपर्यंत ट्रायल मारतो. बंद पडल्या जागी बॉनेट उघडून ठिणगी येते का, इंधनाचा दाब आहे का, वायरीतून संकेत येतो का, एकेक तपासतो. या शोधात अर्धा दिवस सहज जातो. सेन्सर मात्र बहुधा एखाद्या बोल्टवर बसलेला, बदलायला वीसेक मिनिटांचं काम.

बिलावर येते ती सेन्सरची किंमत आणि त्या वीस मिनिटांची मजुरी. गिऱ्हाईक तरीही म्हणतं, "एक बोल्ट खोलायचे एवढे पैसे?" शेजारच्या फिटरने तेवढ्या वेळात चार गाड्यांचं ऑइल बदललेलं असतं आणि त्याची कमाई जास्त झालेली असते.

म्हणजे ज्याला जास्त येतं, त्याच्याकडे अवघड गाड्या जातात आणि अवघड गाड्यांत कमाई कमी होते. हुशारीची अशी शिक्षा किती दिवस सोसायची? चांगला फिटर एक दिवस आपले पाने उचलतो आणि रस्त्याच्या पलीकडे स्वतःचं गॅरेज टाकतो. मागे राहतात ते फक्त सोपी कामं केलेले.

गेल्या काही वर्षांत अवघड कामाचं स्वरूपही बदललं. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाची बीएस-सहा मानकं लागू झाली आणि नव्या दुचाकींतूनही कार्बोरेटर जवळपास हद्दपार झाला. डिझेल गाड्यांच्या धुरांड्यात काजळी अडवणारे फिल्टर आले, सेन्सर वाढले. ज्याने आवाजावरून इंजिनाचं दुखणं ओळखलं, त्या उस्तादाला स्कॅनरचा आकडा परका वाटतो. आयटीआयतून मेकॅनिक मोटार व्हेईकलचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करून आलेल्या मुलाला आकडा वाचता येतो, पण आकड्यामागचं दुखणं कळायला वेळ लागतो. एकट्याच्या हाती अवघड गाडी दिली तर दोघेही अडतात. दोघांना एका गाडीवर ठेवलं तर गाडीही दुरुस्त होते आणि दोघेही शिकतात.

वाटणी सुधारता येते

यासाठी मोठं भांडवल लागत नाही. तपासणीची मजुरी दुरुस्तीहून वेगळी लिहावी आणि ती गिऱ्हाइकाला आधीच सांगावी. ज्याने किचकट गाडी अंगावर घेतली, त्याला पाठोपाठ एक-दोन सोप्या गाड्या द्याव्यात, म्हणजे आठवड्याचा हिशेब सावरतो. जिथे चार-पाच जण आहेत तिथे दोन-तीन जणांचा गट करून कमाई एकत्र मोजावी. मग वॉरंटीची गाडी कुणी दुसऱ्याकडे ढकलत नाही, कारण ती साऱ्यांची असते. शिकाऊला महिन्यातून एखादं काम पूर्ण बांधायला द्यावं, मिस्त्रीने शेजारी उभं राहावं आणि त्या काळात मिस्त्रीचं होणारं नुकसान मालकाने भरून द्यावं. शिकवणं हेही अवघड काम आहे आणि आज ते फुकटात होतं.

कौशल्याला कागद देण्याची सोयही आहे. पंतप्रधान कौशल्य विकास योजनेत कामातून शिकलेल्या माणसाची परीक्षा घेऊन त्याच्या कौशल्याला प्रमाणपत्र देण्याची तरतूद आहे. ज्यांनी शाळा लवकर सोडली, पण हजारो इंजिनं बांधली, अशांसाठी हा कागद मोलाचा आहे. अवघड काम करणाऱ्याला जास्त दाम मागताना तो हाताशी असावा.

आणि आपण गिऱ्हाइकांनी एवढं करावं. बिल हातात आलं की कुठला भाग बदलला हे विचारतो, तसंच बिघाड शोधायला किती वेळ गेला हेही विचारावं आणि त्या वेळाचे पैसे घासाघीस न करता द्यावेत. घाटात आपले ब्रेक लागतात ते कुणीतरी घाई न करता काम केलं म्हणून. ज्या गॅरेजात अवघड गाडी अंगावर घेणाऱ्याचं घर नीट चालतं, तिथेच पुढचा चांगला फिटर तयार होतो. सिल्लोडला आणि सिल्लोडसारख्या प्रत्येक गावाला अशी गॅरेजं हवी आहेत.